बर्नी आर्म्स : स्टेशनाशेजारचा पब, पण रेल्वेचा नव्हे

विचारलेला प्रश्न असा होता : इंग्लंडमध्ये नॉरिचहून ग्रेट यार्मथला जाताना बर्नी आर्म्स नावाच्या स्टेशनावर उतरलो. एक आखूड फलाट, एक पाटी आणि चारी बाजूंना कुरण. ना गाव, ना रस्ता. पायवाटेने नदीपर्यंत गेल्यावर एक उंच पवनचक्की आणि थोडं पुढे बंद पडलेला पब दिसला. हा पब रेल्वेने प्रवाशांसाठी बांधला असेल ना? आणि गाड्या कमी झाल्या म्हणून तो बंद पडला का? शेवटी एक उपप्रश्न : आम्ही राहतो त्या इंग्रजी खेड्यातही स्टेशनाजवळ असाच जुना पब आहे, त्याचा इतिहास कुठे शोधायचा?

जुन्या पबांची कागदपत्रं हुडकून त्यांचा इतिहास लिहून देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, आणि हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात नेहमी समोर येतो. स्टेशन जवळ दिसलं की लोक पबला रेल्वेचं अपत्य ठरवून मोकळे होतात. बर्नी आर्म्सच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. तो पब नदीचा आहे. त्याचं तोंड नदीकडे आहे, समोर होड्या बांधायचा धक्का आहे आणि स्टेशन पाठीमागे कुरणात, दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर. रेल्वेच्या गिऱ्हाइकासाठी पब काढणारा शहाणा माणूस तो फलाटाला खेटून काढेल, पावसाचिखलातून एवढं चालायला लावणार नाही.

आधी जागा समजून घ्या. नॉरिचकडून येणारी येअर नदी इथे ब्रेडन वॉटर नावाच्या उथळ खाडीत शिरते. खाडी सुमारे तीन मैल लांब, ओहोटीला दोन्ही कडांनी चिखल उघडा पडतो आणि मधला खोल पाण्याचा पट्टा तेवढा उरतो. दक्षिणेकडून येणारी वेव्हनी नदीही इथून थोड्याच अंतरावर खाडीला मिळते. त्या काठावर बर्ग कॅसल इथे रोमन किल्ल्याच्या भिंती अजून उभ्या आहेत. म्हणजे या तोंडावर लक्ष ठेवावं असं रोमनांनाही वाटलं होतं. खाडीच्या पलीकडच्या टोकाला यार्मथ बंदर आणि समुद्र. नॉरिचहून माल घेऊन निघालेल्या होडीला खाडीत शिरण्याआधी आडोशाला थांबायची शेवटची सोयीची जागा म्हणजे बर्नी आर्म्स.

इथल्या मालवाहू होड्यांना ‘व्हेरी’ म्हणत. एकच डोलकाठी, एकच मोठं काळं शीड, दोन माणसं आणि पोटात पंचवीस-तीस टन कोळसा, धान्य किंवा लाकूड. पूल आला की वजन लावून तोललेली डोलकाठी आडवी करायची आणि पलीकडे गेल्यावर परत उभी. वारा पडला तर लांब वासा तळाला रोवून होडी रेटायची. पण ब्रेडनमध्ये ओहोटी-भरतीच्या जोरापुढे वासा काय करणार? वारा समोरून आणि पाणीही समोरून, असा प्रसंग आला की थांबणं भाग. कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी भरतीची वाट पाहत नांगर टाकून बसणारी गलबतं ज्यांना ऐकून माहीत आहेत, त्यांना हे वेगळं समजवायला नको. दोन माणसं, पाच-सहा तास रिकामे, अंगात गारठा. पबला आणखी काय लागतं?

माझ्या कामात मी प्रत्येक पबाबद्दल पहिला प्रश्न हाच विचारते : इथे कोणाला थांबावंच लागत होतं? रस्त्यावरचा पब असेल तर घोडे बदलणारे, चढाच्या पायथ्याशी असेल तर गाडीवान, बाजाराजवळ असेल तर गुरं विकायला आलेले शेतकरी. येणारा-जाणारा असून भागत नाही, थांबणारा लागतो. रेल्वेचा खेड्यातला प्रवासी हा या हिशेबात कच्चा गिऱ्हाईक असतो, कारण तो वेळापत्रक बघून घरून निघतो आणि उतरला की घरी जातो.

आता स्टेशन तिथे आलं कसं ते पाहू, कारण ही गोष्ट खरोखर मजेशीर आहे. यार्मथ अँड नॉरिच रेल्वे १८४४ च्या मे महिन्यात सुरू झाली. नॉरफोक परगण्यातली ही पहिली रेल्वे, मुंबई–ठाणे गाडीच्या नऊ वर्षं आधीची. कंपनीचे अध्यक्ष जॉर्ज स्टीफन्सन आणि अभियंता त्यांचा मुलगा रॉबर्ट. हाच रॉबर्ट पुढे मुंबई–ठाणे मार्ग टाकणाऱ्या आपल्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचाही सल्लागार अभियंता झाला, एवढा दूरचा धागा आपल्याकडे येतो. मार्ग नदीच्या काठाकाठाने सपाट पाणथळीतून गेला. चढ नाही, बोगदा नाही. जमीन मिळाली की काम झालं. आणि जमिनीचा एक मोठा तुकडा थॉमस ट्रेंच बर्नी या जमीनदाराचा होता.

बर्नीने जमीन दिली ती अटीवर : माझ्या जमिनीत कायमचं स्टेशन ठेवायचं. कंपनीने मान्य केलं, स्टेशन बांधलं. काही वर्षांनी कंपनीच्या लक्षात आलं की इथे चढणारं-उतरणारं फारसं कोणी नाही. मग तिने करारनामा नीट वाचला. स्टेशन ठेवायचं असं त्यात होतं, गाडी थांबवायची असं नव्हतं! स्टेशन जागच्या जागी ठेवून कंपनीने गाड्या थांबवणं बंद केलं. बर्नी गप्प बसणारा नव्हता. बरीच भांडाभांडी होऊन शेवटी कंपनीला काही गाड्या थांबवणं कबूल करावं लागलं. आज गाव नसलेल्या जागी स्टेशन टिकून आहे, त्याच्या मुळाशी ही अट आहे. लोक या गोष्टीला गंमत म्हणून हसतात. मला तिच्यात पुरावा दिसतो. पब आणि त्याच्याभोवतीची वस्ती रेल्वेला पोसण्याइतकी असती, तर कंपनीला अशी पळवाट शोधायची गरजच नव्हती.

नावाचाही उलगडा इथेच होतो. इंग्रजी पबांच्या नावातलं ‘आर्म्स’ म्हणजे घराण्याचं कुलचिन्ह. ज्याची जमीन, त्याचं चिन्ह पाटीवर. तेव्हा पाटीवरून जमीनमालक कळतो; पबचं वय आणि धंदा त्यावरून कळत नाही. ‘रेल्वे इन’ किंवा ‘स्टेशन हॉटेल’ या नावांनाही हाच इशारा लागू. कित्येक पबांनी रेल्वे आल्यावर जुनं नाव पुसून नवं घेतलं.

पब आधी आणि स्टेशन नंतर, असं अगदी स्वच्छ दिसणारं उदाहरण हवं असेल तर श्रॉपशरमधलं क्रेव्हन आर्म्स पाहा. श्रूजबरी–हेरफर्ड रस्त्यावर लॉर्ड क्रेव्हन यांच्या घराण्याचं नाव लावलेली घोडागाड्यांची मोठी खानावळ होती. १८५२ मध्ये रेल्वे आली, स्टेशनाला खानावळीचं नाव मिळालं, पुढे वेल्सकडे आणि इतर दिशांना फाटे फुटले, मेंढ्यांचे मोठे बाजार भरू लागले आणि त्या नावाचं एक आख्खं गावच वसलं. हेरफर्डजवळ ‘ट्रॅम इन’ नावाचं स्टेशन होतं, तेही पबवरून. केंटमध्ये ‘बॅट अँड बॉल’ नावाचं स्टेशन आजही चालू आहे, तेही पबचंच नाव. क्रेव्हन आर्म्सला जे मिळालं ते बर्नी आर्म्सला मिळालं नाही, आणि त्यातला फरक मला एकाच गोष्टीत दिसतो : रस्ता.

१८३१ मध्ये अ‍ॅकलहून यार्मथला पाणथळीतून सरळ रेषेत नवा रस्ता झाला, पण तो उत्तरेकडून, काही मैलांवरून गेला. १८३३ मध्ये येअरकाठच्या रीडम गावापासून वेव्हनी नदीपर्यंत कालवा खोदला गेला, कारण नॉरिचच्या व्यापाऱ्यांना यार्मथला बगल देऊन लोस्टॉफ्टमार्गे समुद्र गाठायचा होता. त्या वाटेने जाणाऱ्या जहाजाला बर्नी आर्म्सला यायचं कारणच उरलं नाही. मग १८४४ ला रेल्वे. तेरा वर्षांत तीन मोठी कामं या दलदलीभोवती झाली, आणि एकानेही नदीकाठच्या त्या पबपर्यंत बैलगाडीची वाट आणली नाही. पुढे १८८३ मध्ये ब्रंडलहून अ‍ॅकलमार्गे यार्मथला दुसरा लोहमार्ग उघडला. तो जवळचा असल्याने बऱ्याचशा गाड्या तिकडे वळल्या आणि बर्नी आर्म्सचा मार्ग कायमचा दुय्यम झाला.

मग पब तगला कशावर? व्हेरीवाले होतेच. रेल्वेने त्यांचा माल हळूहळू ओढून घेतला, पण धंदा एका दिवसात मेला नाही. सर्वांत परिचित व्हेरींपैकी ‘अ‍ॅल्बियन’ १८९८ ची बांधणी आहे, रेल्वे आल्यानंतर अर्धशतक उलटल्यावरची. दुसरे गिऱ्हाईक म्हणजे कुरणं सांभाळणारे गडी. हॅल्व्हरगेटची ही कुरणं गुरं पोसण्यासाठी नावाजलेली होती. दूरदूरहून आणलेली जनावरं इथे उन्हाळाभर चरून माजायची आणि नॉरिचच्या बाजारात जायची. त्यांच्यावर आणि चरांच्या पाण्यावर लक्ष ठेवणारी माणसं एकेकट्या घरांत, मैल-मैल अंतरावर राहत. हिवाळ्यात ब्रेडनवर बदकं टिपणारे शिकारी असत.

आणि मधली काही वर्षं चक्क कारखाना होता. तुम्ही पाहिलेली पवनचक्की १८६५ ची, उंची एकवीस मीटरच्या वर, सात मजली. ती आज पाणी उपसण्याची चक्की म्हणून ओळखली जाते, पण बांधली गेली सिमेंटसाठी. खाडीचा चिखल आणि नॉरिचजवळच्या व्हिटलिंगमहून होडीने आणलेली चुनखडी भट्टीत भाजायची आणि वाऱ्यावर दळायची. भट्टीवरचा माणूस म्हणजे तहानलेला माणूस, हे कुठल्याही पबवाल्याला सांगावं लागत नाही. १८८० मध्ये कारखाना बंद झाला. १८८३ मध्ये चक्कीला पाणी उपसायचं मोठं चाक जोडलं आणि १९४८ पर्यंत तिने कुरणं कोरडी ठेवली. पबच्या दृष्टीने मात्र हा तोटाच. भट्टीवर पुष्कळ माणसं लागत, पाणी उपसायला एक पुरत असे.

आता कायद्याकडे येते, कारण पबचा इतिहास निम्मा तरी परवान्यांचा इतिहास असतो आणि इथे रेल्वेचा संबंध खरोखर येतो, फक्त लोकांना वाटतो त्या बाजूने नाही. १८३० च्या कायद्याने घरपट्टी भरणारा कोणीही दोन गिनी भरून बिअर विकू शकत होता. मॅजिस्ट्रेटची परवानगी लागत नव्हती. खेडोपाडी हजारो बिअरघरं उगवली ती यामुळे. १८६९ मध्ये हा मोकळेपणा आवरला गेला आणि १८७२ च्या कायद्याने उघडण्या-मिटण्याच्या वेळा आवळल्या, विशेषतः रविवारच्या. पण एक सूट होती : खऱ्या प्रवाशाला बंद वेळेतही देता येईल. प्रवासी कोण? तर आदल्या रात्री जिथे झोपला तिथून निदान तीन मैल दूर आलेला.

इंग्लंडभर या तीन मैलांनी काय काय घडवलं! शहरापासून तीन मैलांच्या थोडं पलीकडे असलेल्या पबांना रविवारी एकाएकी महत्त्व आलं, आणि तीन मैल ओलांडायचं सगळ्यांत सोपं साधन रेल्वे. नकाशावर बर्नी आर्म्सचं अंतर मोजा : यार्मथहूनही तीन मैलांपेक्षा जास्त, रीडमहूनही. नियमाच्या मापात पब चपखल बसतो. मात्र केवळ पिण्यासाठी आलेला माणूस खरा प्रवासी धरायचा की नाही, यावर कोर्टांत वाद होत आणि न पटल्यास मालकाचा परवाना धोक्यात येई. इंग्लंडमध्ये ही सूट १९२१ मध्ये संपली. तुमच्या गावचा पब जवळच्या शहरापासून चार-पाच मैलांवर आणि स्टेशनाला लागून असेल, तर १८७२ ते १९२१ या काळातले परवान्यांचे आणि खटल्यांचे कागद आधी पाहा. रेल्वेचं गिऱ्हाईक सापडलं तर तिथेच सापडेल.

पहिल्या महायुद्धात, १९१५ पासून, दुपारी पब बंद ठेवायची सक्ती आली. दारूगोळा कारखान्यांतले कामगार शुद्धीत राहावेत म्हणून केलेला हा उपाय युद्ध संपल्यावरही चिकटून बसला, तो आठवड्याच्या दिवशी थेट १९८८ पर्यंत आणि रविवारी त्यानंतरही. शहरातल्या पबला याचा त्रास कमी. नदीवरच्या पबला फार, कारण भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते आणि कायद्याचं घड्याळ जागचं हलत नाही. होडी तीन वाजता लागली, पुढचं अनुकूल पाणी संध्याकाळी, आणि दार बंद. व्यवहाराचा असा कस लागलेला पब हिशेबाच्या वह्यांत शोधून सापडत नाही, भरतीचं कोष्टक शेजारी ठेवावं लागतं.

विसाव्या शतकात व्हेरीवाल्यांच्या जागी सहलीचे नाविक आले. नॉरफोकच्या नद्यांवर भाड्याने होडी घेऊन आठवडा घालवायची टूम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाली, रेल्वे कंपन्यांनी तिची जाहिरात केली, १९०८ मध्ये ब्लेक्स ही होड्यांचं आरक्षण करणारी एजन्सी सुरू झाली. या लोकांनाही यार्मथचे कमी उंचीचे पूल ओहोटीच्या संथ पाण्यातच ओलांडावे लागतात, म्हणून तेही बर्नी आर्म्सला थांबतात. माणसं बदलली, थांबायचं कारण तेच राहिलं. पबने आपलं दुसरं आयुष्य यावर काढलं. यात रेल्वेचं श्रेय आहे, पण गंमत पाहा : तिने माणसं आणली ती वरच्या अंगाला असलेल्या होड्यांच्या गावांना, आणि तिथून ती पाण्याने पबपर्यंत आली.

मग २०१५ मध्ये बंद का पडला? हंगाम ईस्टर ते ऑक्टोबर. उरलेले महिने पायी फिरणारे आणि पक्षी बघणारे. १९८६ पासून तिथे पक्षी-संरक्षण संस्थेचं राखीव क्षेत्र आहे आणि दोन लांब पल्ल्याच्या पायवाटा पबसमोरून जातात. पण फिरस्ता एक पेला आणि एक सँडविच घेतो. सार्वजनिक रस्ता नसलेल्या जागी पिंपं, गॅस, भाजी पोचवायचा खर्च, कामाला माणूस मिळणं, ओलीमुळे इमारतीची डागडुजी, हे सगळं बारा महिने चालू असतं. नॉरफोकमध्ये गावोगावचे पब तर रस्ते असूनही बंद झाले. नॉरिचच्या बुलर्ड आणि स्टूअर्ड अँड पॅटिसन या दोन बड्या ब्रुअऱ्या, म्हणजे बिअर बनवणाऱ्या आणि स्वतःचे पब असणाऱ्या कंपन्या, १९६३ मध्ये लंडनच्या वॉटनी मॅनने घेतल्या आणि पुढच्या काही वर्षांत परगण्यातले त्यांचे न परवडणारे पब एकामागून एक विकले गेले. त्या लाटेनंतरही बर्नी आर्म्सचं दार चालू राहिलं याचंच मला जास्त नवल वाटतं.

गाड्यांबद्दल एक खुलासा. २०१९-२० या वर्षात बर्नी आर्म्सला चढणारे-उतरणारे मिळून फक्त ४२ प्रवासी होते आणि ब्रिटनमधलं सर्वांत कमी वापराचं स्टेशन म्हणून ते गाजलं. या आकड्यावरून लोक पबच्या मरणाची कारणं सांगतात. पण सिग्नलच्या कामासाठी तो मार्ग ऑक्टोबर २०१८ पासून फेब्रुवारी २०२० पर्यंत बंदच होता आणि लगेच मार्चमध्ये कोरोना आला. म्हणजे हा आकडा जेमतेम काही आठवड्यांचा. शिवाय पब त्याआधीच चार-पाच वर्षं बंद होता. उलट पब बंद झाल्यामुळे स्टेशनावर उतरायचं एक कारण गेलं, असं म्हणणं जास्त बरोबर ठरेल.

आता तुमच्या गावचा पब. परगण्याच्या दप्तरखान्यात जा आणि सगळ्यात आधी रेल्वेचेच नकाशे मागा. कायदा मंजूर करून घेण्याआधी प्रत्येक कंपनीला मार्गाचा नकाशा आणि सोबत जमिनीची वही सरकारी अधिकाऱ्याकडे जमा करावी लागे. त्या वहीत मार्गावरच्या आणि आजूबाजूच्या पट्ट्यातल्या प्रत्येक तुकड्याचा मालक, भाडेकरू आणि ताबेदार लिहिलेला असतो. तुमचा पब त्यात ‘इन’ किंवा ‘बिअरघर’ म्हणून आला, तर तो रेल्वेआधीचा, वाद संपला. नुसतं ‘घर व बाग’ असेल तर १८४० च्या आसपासचा चर्चच्या दशांश-कराचा नकाशा काढा आणि क्रमांक जुळवा. त्याआधीचं हवं असेल तर १७५३ ते १८२८ या काळातली पबमालकांनी परवान्यासाठी दिलेल्या जामिनांची नोंद बऱ्याच परगण्यांत शिल्लक आहे. मात्र पबची नावं तिथे प्रत्येक ठिकाणी मिळतीलच असं नाही, माणसाचं नाव धरून चालावं लागतं.

१८४१ पासूनच्या जनगणनांत धंद्याचा रकाना बारकाईने वाचा. ‘पबवाला आणि शेतकरी’, ‘पबवाला आणि कोळसा-व्यापारी’ अशा जोडनोंदी सारख्या येतात. स्टेशनाजवळच्या पबमालकाचा जोडधंदा कोळशाचा निघाला तर रेल्वेने त्याला प्रवासी नव्हे, मालधक्का दिला असं समजा. खेड्यांत हे फार आढळतं. गाडीतून उतरणारे दोन-चार, पण कोळसा, खत, धान्य न्यायला आलेले गाडीवान दिवसभर मालधक्क्यावर ताटकळत. पुन्हा तोच प्रश्न, कोणाला थांबावं लागत होतं.

शेवटी १९१० ची जमीन-मूल्यांकनाची क्षेत्रवही, लंडनला क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात. पबच्या नोंदीत खोल्या, तबेले, ब्रुअरीशी बांधिलकी (तिचीच बिअर विकायची अट) आणि भाडं मिळण्याची शक्यता असते, कधीकधी विक्रीचा अंदाजही. जाताना गावच्या मूल्यांकन नकाशावरून मालमत्तेचा क्रमांक काढून घेऊन जा, त्याशिवाय वही मागवता येत नाही. काही भागांच्या वह्या नष्ट झालेल्या आहेत, तेव्हा प्रवासाला निघण्याआधी तुमच्या गावची वही शिल्लक आहे का ते यादीत पाहून घ्या.